मॅडमला खुर्ची द्या

जून महिन्यात प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, यंदा तुमच्यासाठी तास नाहीत." मराठी घेणारी मुलं कमी झाली होती. जे तास उरले होते, ते कायमच्या प्राध्यापकांनाच पुरत नव्हते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला कामावरून काढावं लागत नाही. वेळापत्रकात त्याचं नाव येत नाही, एवढंच. मी विचारलं, "पुढच्या वर्षी?" ते म्हणाले, "बघू." कॉलेजातल्या 'बघू'चा अर्थ मला माहीत होता. कपाटाची किल्ली शिपायाकडे दिली, माझा चहाचा कप पिशवीत टाकला आणि बाहेर पडले.

घरी त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडलेली होती. नवऱ्याची चिकलठाण्यातली कंपनी बंद पडली होती, आणि त्याच्या मणक्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. फार वेळ उभं राहायचं नाही, फार वेळ बसायचंही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे घर आता माझ्या कामावर चालणार होतं. कोणतं काम, हा प्रश्न मी मनात येऊच दिला नाही. कोणतंही.

मी यादीशिवाय भाजीलासुद्धा जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेतला. डाव्या बाजूला मला काय येतं ते लिहिलं: शिकवणं, मुद्रितं तपासणं, टायपिंग, पत्रव्यवहार, चाळीस पोरांना एका जागी गप्प बसवणं. उजव्या बाजूला या शहरात कोणाला काय लागतं ते लिहिलं. मग रेघा ओढून दोन्ही बाजू जोडल्या. पुष्कळ रेघा जुळल्या. कागदावर तरी मला काम न मिळण्याचं काही कारण दिसत नव्हतं.

पहिली रेघ सिडकोतल्या एका इंग्रजी शाळेला जात होती. मराठी शिकवायला बाई पाहिजे, असा फलक फाटकावरच लावलेला. तिथल्या प्राचार्या तिशीच्या असतील. माझी प्रमाणपत्रं त्यांनी एकेक करून उलटली. एम.ए., बी.एड., सेट, पीएच.डी. प्रत्येक कागदाबरोबर त्यांचा चेहरा उतरत गेला, जसं काही मी आजाराचे रिपोर्ट दाखवतेय.

"मॅम, तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात."

स्वतःबद्दल हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही इथं टिकणार नाही. सीनियर कॉलेजची जाहिरात आली की जाल."

"जाहिरातीची वाट बघण्यातच माझे केस पिकले. आता नाही येत ती."

"सगळेच असं म्हणतात, मॅम. शिवाय आमच्या मराठीच्या हेड बी.ए. आहेत. त्यांना ऑकवर्ड होईल."

रिक्षात बसल्यावर मी त्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायला लागले. सवयच ती. पात्र आणि अपात्र हे दोन शिक्के मी वर्षानुवर्षं बघत आले होते. कमी पडतो तो अपात्र. मग जो जास्त भरतो त्याला काय म्हणायचं? 'अतिपात्र' म्हणून पाहिलं, पण पंगतीत कुणी न मागता जादा वाढल्यासारखं वाटलं. माझा प्रबंध मराठवाडी बोलीतल्या फारसी-अरबी शब्दांवर आहे. तो सगळा साठा मनातल्या मनात चाळला, तिथंही काही सापडेना. पिशोरच्या आत्याकडे मात्र प्रतिशब्द तयार होता. तिला फोनवर हकीकत सांगितली, तर म्हणाली, "लई शिकलं की असंच व्हतंय बाई. भाकर लई भाजली की करपती. खायलाबी नाय आन् टाकायलाबी नाय."

मी यादीतल्या पुढच्या रेघेवर गेले. शिकवणीवर्गाचा मालक म्हणाला, "आमची पोरं कुणाचं ऐकत नाहीत, मॅडम. तुमचा अपमान व्हायचा, तो आम्हाला बघवणार नाही." छापखान्यात म्हणाले, मुद्रितं आता कुणी तपासतच नाही, गिऱ्हाईक स्वतःच मोबाईलवर बघून ओके म्हणतं. एका वाचनालयात जागा होती, पण ती ग्रंथपालाची पदविका असलेल्याला. माझ्याकडे बाकी सगळं होतं, नेमकी तेवढी पदविका नव्हती.

शहागंजात वह्या-पेनांचं घाऊक दुकान आहे. तिथं काउंटरवर बिलं लिहायला माणूस हवा होता. दुकानाचे म्हातारे मालक मला नावानं ओळखत नव्हते, पण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की एक डॉक्टर बाई येणार आहेत. मी पायरी चढले तसे ते उठून उभे राहिले.

"आइए, डॉक्टरसाब. बसा." मी बसले, तर त्यांनी पायजमा वर करून पाय माझ्यासमोर लांब केला. "ये घुटना देखो जरा. जिना चढला की कटकट वाजतंय."

"चाचा, मी तसली डॉक्टर नाही. मराठीत डॉक्टर आहे."

"मराठीत?" ते चिंतेत पडले. "मराठीला काय झालं?"

आत बसलेले मुनीम खो-खो हसले. मलाही हसू आवरेना. चाचांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली, माझ्या घरची चौकशी केली. मग कामाचा विषय मीच काढला. त्यांनी आतल्या मुनीमाकडे बोट केलं.

"देखो बेटा, ये मुनीम है ना, मी याला दिवसभर शिव्या देतो. तेव्हा कुठं दुकान चालतं. तुम्हाला कशा देऊ? आणि दिल्या नाही, तर काम कसं होणार?"

"द्या की. मी काही मनावर घेणार नाही."

"तौबा!" त्यांनी दोन्ही कानांना हात लावला.

त्या दिवशी घरी येताना मला रोग नीट कळला. आपल्याकडे माणूस ज्याला मान देतो त्याला काम सांगू शकत नाही. आणि शिकलेल्याला मान द्यायचा, हे तर सगळ्यांना लहानपणीच शिकवलेलं असतं. शिकवणाऱ्यांत मीही होते. उपाय एकच दिसत होता. मान मिळण्याचं कारण लपवायचं.

आमच्या शेजारची बाई शेंद्र्याच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत जायची. ती मला बाजी, म्हणजे ताई, म्हणते. तिनं सगळा बेत एका दमात सांगून टाकला. "वहां कोई कुछ नहीं पूछता, बाजी. आधारचं झेरॉक्स देओ, टोपी घालो, खडे रहो."

"शिक्षण विचारलं तर?"

"बोलो बारावी."

"तशी बारावी मी पास आहेच."

"वहीच तो! इसमें झूट कहां है? कायकू डरते?"

ठेकेदाराच्या माणसानं खरंच विचारलं. मी बारावी म्हटल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं. "जास्तच हाय. दहावीवाल्या बाया बऱ्या असत्यात. बारावीवाल्या प्रश्न विचारत्यात."

"मी नाही विचारणार."

"मंग उद्या सकाळी बसला या. मुकुंदवाडीच्या स्टॉपवर."

काम असं होतं. गाड्यांत बसवायच्या रबराच्या चकत्या साच्यातून निघाल्या की त्यांच्या कडेला पातळ झालर राहते. ती छोट्या कात्रीनं कापायची, चकती बोटावर फिरवून तपासायची आणि मोजून पिशवीत भरायची. उंच टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या. बऱ्याचशा करमाडकडच्या, काही शहरातल्या. सगळ्यांच्या डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. पहिल्या आठवड्यात माझी पोटरी रोज फुगायची. मी घरी पाय गरम पाण्यात सोडून बसे, आणि नवरा त्यात मीठ टाकून जाई. पण हजेरीत एक खाडा पडू दिला नाही.

तिथं मी काकू होते. आमचा सुपरवायझर माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांहून थोडाच मोठा असेल. तो लांबूनच ओरडायचा, "ओ काकू, हात चालवा! लग्नाला आल्यावानी करू नका!"

"लग्नात खुर्ची तरी मिळते," मी म्हणायचे. बाया हसायच्या. तोही हसायचा आणि पुढच्या टेबलावर ओरडायला जायचा. इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी असं मोकळेपणी ओरडलं नव्हतं. मला ते लागलं नाही. उलट हलकं वाटलं.

बाया तिथं कापलेल्या आणि न कापलेल्या चकत्या एकाच ट्रेमध्ये ठेवत आणि मग निवडत बसत. मी दोन ट्रे मागून घेतले, डावा कच्चा, उजवा पक्का. आमचं टेबल पुढं गेलं. सुपरवायझर येऊन बघत उभा राहिला.

"काकू, डोकं हाय ओ तुम्हाला. शिकायला पायजे होतं."

शेजारीण तेव्हा पाणी पीत होती. तिला असा ठसका लागला की तिच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या.

दिवाळीनंतर काही बायांना ठेकेदाराकडून काढून कंपनीच्या हजेरीवर घेणार, अशी बोलवा होती. एकदा सुपरवायझर जाताजाता म्हणाला, "काकू, तुमचं नाव दिलंय मी." मी मान हलवली आणि चकती फिरवत राहिले. घरी मात्र सांगितलं. मुलीनं शिरा केला.

मग एक दिवस आमचा माल घेणाऱ्या कंपनीचे पाहुणे कारखाना बघायला आले. त्यांच्याबरोबर आमच्याच कंपनीचा, कामगारांची भरती-हजेरी बघणारा एक तरुण अधिकारी होता. कारखान्यात मी त्याला आधी पाहिलेलं नव्हतं, तो मुख्य ऑफिसातून नुकताच इकडे आला होता. पाहुण्यांना दाखवायला म्हणून तो आमच्या टेबलापाशी थांबला आणि त्यानं नेमकं मलाच विचारलं, "काकू, कडेला झालर राहिली तर काय होतं?"

मी खालीच बघत म्हणाले, "तेल गळतं, साहेब. म्हणून आधी कड, मग भोक, मग अख्खा नग तपासायचा."

एवढंच बोलले. पण मी वर्गात वाक्य शिकवताना असंच बोलायचे. आधी कर्ता, मग कर्म, मग क्रियापद. तोच ठेका, प्रत्येक 'मग' ओढून म्हटलेला. मुलं माझी नक्कल करायची ती याच वाक्यानं.

तो दोन पावलं पुढं गेला होता. परत आला. "मॅडम?"

मी वर पाहिलं. माझ्याच वर्गातला मुलगा. मी तेव्हा म्हणू शकले असते, साहेब, तुमची काहीतरी चूक होतेय. टोपी होती, मास्क होता. त्यानं मान्य केलं असतं. पण तो पाहुण्यांच्या देखत वाकला आणि माझ्या बुटांना हात लावला. आणि माणूस पायाशी वाकला की त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, हे अंगात इतकं मुरलेलं की माझा हात आपोआप वर गेला, कात्रीसकट. तोंडातून निघूनही गेलं, "सुखी राहा."

कात्र्यांचा आवाज थांबला. सगळ्यात आधी सुपरवायझर भानावर आला. तो घाबराघुबरा होऊन ओरडला, "मॅडमला खुर्ची द्या! अरे, खुर्ची आणा कुणीतरी!"

ऑफिसातून प्लॅस्टिकची खुर्ची आली. मला तिच्यात बसवलं. टेबल उभ्यानं काम करायच्या उंचीचं होतं. बसले तर ते माझ्या हनुवटीशी आलं. कापायला हातच पोहोचेना. उठले की कुणीतरी "बसा ना, मॅडम" म्हणे. पाहुणे गेले, तरी ते म्हणणं थांबलं नाही.

समोरच्या करमाडच्या बाईनं दबक्या आवाजात विचारलं, "तुमी युनियनच्या का पेपरवाल्या?"

"कुणाचीच नाही. कॉलेजात शिकवत होते."

"मंग हितं काय करता?"

"काम."

"तसं नसतंय," ती म्हणाली आणि तिनं आपला ट्रे पलीकडं सरकवून घेतला.

पुढचे काही दिवस तसेच गेले. सुपरवायझर आमच्या टेबलाकडे फिरकेना. लांबून ओरडायचा असला की आधी माझ्याकडे बघे आणि गप्प होई. बाया आपसात बोलेनाशा झाल्या, टेबल मागं पडलं. ठेकेदाराच्या माणसानं शेजारणीला धरलं, ही बाई कोण आणली म्हणून. बसमध्ये ती माझ्याशेजारीच बसायची, पण खिडकीबाहेर बघत.

मग अधिकाऱ्यानं केबिनमध्ये बोलावलं. मी बसले, तो उभाच राहिला. चहा कपबशीतून आला.

"मॅडम, मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर ठेवलं असतंस?"

तो पहिल्यापासून खरं बोलणारा मुलगा होता. "नाही," म्हणाला.

"मग आता त्यांना सांग की मी पूर्वीसारखीच काकू आहे."

"कसं सांगू? मीच पाया पडलो ना, मॅडम."

"बरं. टेबलावर नको, तर ऑफिसात घे. टायपिंग येतं, पत्रं येतात."

"माझ्या हाताखाली?" त्याचा चेहरा पडला. "मी तुम्हाला म्हणू, हे एवढं करून आणा?"

"म्हण. आत्ता म्हणून बघ."

त्यानं टेबलावरचा एक कागद उचलला. माझ्यापुढं धरला. "हे... मॅडम, हे जरा... तुम्हाला वेळ असेल तर..." कागद त्याच्या हातातच राहिला. डोळे भरून आले. मी तो कागद काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. रडणाऱ्या मुलापुढं जास्त वेळ बसायचं नाही, हा माझा वर्गातला नियम होता.

"दुसऱ्या एखाद्या कंपनीत बघ. तुझ्या ओळखी असतील."

तो एकदम खुलला. "आहेत ना, मॅडम! शेजारच्याच कंपनीत आपल्याच बॅचचा..." आणि तिथंच थांबला. त्याच्या लक्षात आलं, माझ्याही आलं. तिथं आपल्याच बॅचचा होता. वाळूजमध्ये दुसऱ्या बॅचची होती. बँकेत, तहसिलीत, दवाखान्याच्या खिडकीवर, पतसंस्थेत, जिथं चार माणसं कामाला आहेत तिथं एक तरी माझ्या वर्गातून गेलेलं होतं. मी शिकवत होते तेव्हा याचा मला अभिमान वाटायचा. या शहरात आता माझ्यासाठी खुर्ची आणली जाणार नाही, अशी जागा उरली नव्हती.

"मी उद्यापासून येत नाही," मी म्हणाले. "पण माझ्या शेजारणीला काढायचं नाही."

"नाही काढत. शब्द देतो." मग जरा थांबून म्हणाला, "मॅडम, फेब्रुवारीत कंपनीत मराठीचा कार्यक्रम असतो. प्रमुख पाहुण्या म्हणून याल?"

मी हो म्हटलं. शेजारणीचा शब्द त्यानं नुकताच दिला होता.

दिवाळीच्या आधी नवऱ्याला काम मिळालं. एका नव्या अपार्टमेंटच्या फाटकावर वॉचमनचं. तो दहावी आणि आयटीआय आहे. समोरच्यानं एकदाच विचारलं, शिक्षण बरोबर भरलं, दुसऱ्या दिवसापासून या म्हणाला. त्याच्या मणक्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. फाटक लोखंडी आहे, जड आहे. गाडी आली की दर वेळी उठून ढकलावं लागतं.

फेब्रुवारीत कंपनीनं गाडी पाठवली. शाल दिली, श्रीफळ दिलं. बाया समोर सतरंजीवर बसल्या होत्या, टोप्या काढून. सगळ्यांना टोपी-मास्कशिवाय एकदम मी पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळं काही जणी ओळखू आल्या नाहीत. मी माझ्याच विषयावर बोलले. म्हटलं, नोकरी हा शब्द फारसीतून आला. हजेरी अरबीतून, रजाही तिकडूनच. पगार तर पोर्तुगीजांकडून.

"मंग आपलं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"काम," मी म्हणाले. "काम हा शब्द अगदी घरचा आहे."

"आन् घाम?" हा आवाज सुपरवायझरचा.

"तोही घरचाच."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. शेजारीण पुढच्या ओळीत होती, तीही टाळ्या वाजवत होती. मला तिच्याशी बोलायचं होतं. पण भोंगा झाला आणि बाया उठून आपापल्या टेबलांकडे गेल्या. साहेब लोक मला चहाला घेऊन गेले, मग गाडीपर्यंत सोडायला आले. जालना रस्त्यावर गाडी लागली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "लई भारी बोललात, मॅडम. अशी माणसं पायजेत."

हल्ली कुणी भेटलं की विचारतं, सध्या काय करता? सुरुवातीला मी खरं सांगायचे, काम शोधतेय. त्यावर लोक ओशाळायचे, विषय बदलायचे. आता मी सांगते, लिहिते-वाचते. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. इतक्या शिकलेल्या बाईनं आणखी काय करायचं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि तो पुढं काही विचारत नाही.